रायर सही करत नाहीत

नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्या तंजावरकडच्या बायका अजून लाजतात. मी नाही लाजत. व्यासराज. घ्या, घेतलं! पण मद्रासमध्ये ह्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. तमिळ माणसाच्या तोंडात आमचा राव म्हणजे रायर. गिंडीला लोखंडी कपाटं आणि ट्रंका करायच्या कारखान्यात हे हेडक्लार्क, आणि तिथल्या शिपायापासून मुदलाळीपर्यंत, म्हणजे मालकापर्यंत, सगळे म्हणायचे रायर. मीही रागावले की रायरच म्हणायची, आणि मी पुष्कळदा रागवायची.

रागवू नको तर काय करू? रविवार उजाडला की वेस्ट मांबलमच्या आमच्या दोन खोल्यांच्या दाराशी चपलांचा ढीग. सगळे फंडवाले. कंपनीत पेन्शन नव्हती. पगारातून दर महिन्याला थोडं कापायचं, कंपनीने तेवढंच घालायचं, आणि माणूस थकला किंवा मेला की ते घरच्यांच्या हातात पडायचं. तो प्रॉव्हिडंट फंड सांभाळायला चार विश्वस्त, दोन मालकाचे आणि दोन कामगारांचे. कामगारांनी हात वर करून ह्यांना निवडलं होतं. मोबदला फुटकी कवडी नाही, शिव्या मात्र पोतंभर.

कोणी मुलीच्या लग्नाला मागायला यायचा, कोणी गावाकडे विहीर खणायला. हे म्हणायचे, "नियमात बसत नाही. ते तुझे पैसे नाहीत."

"मग कोणाचे, रायर?"

"तुझ्या म्हाताऱ्याचे. तू होशील ना म्हातारा, त्याचे. तो आज इथे आलेला नाही. तो नसताना त्याच्या खिशात मी कोणाला हात घालू देणार नाही, तुलासुद्धा नाही."

मग तो बापडा माझ्याकडे वळायचा. "मामी, तुम्ही तरी सांगा." मी काय सांगणार कपाळ? आमच्या मुलीच्या, भवानीच्या लग्नातसुद्धा ह्या माणसाने स्वतःच्या फंडाला हात लावला नाही, माझ्या पाटल्या मोडायला लावल्या. ते मी अजून बोलून दाखवते आणि मरेपर्यंत दाखवणार आहे.

तर झालं असं की मुदलाळीच्या मेव्हण्याने कोइमतूरकडे सुताची गिरणी काढली. गिरणीला पैसा हवा. बाहेर कोणी देईना, तेव्हा मुदलाळीची नजर फंडावर गेली. फंडाचा पैसा असायचा सरकारी रोख्यांत, व्याज जेमतेम. तो काढून गिरणीला द्यायचा, गिरणी आठ टक्के व्याज देईल, असा ठराव तयार झाला. फंडाचा नियम असा की रोख्यांतून पैसा बाहेर काढायचा तर चारही विश्वस्तांच्या सह्या हव्यात. मालकाच्या दोघांनी केल्या, त्यात नवल नाही. कामगारांचा दुसरा विश्वस्त प्रतापसिंह, आमच्याच तंजावरचा, फोरमन. त्याच्या मुलाला गिरणीत नोकरी लागली आणि त्यानेही केली. राहिले आमचे हे.

"नाही करणार," हे म्हणाले.

आणि खरं सांगू? मालक चिडला त्याचं काही नाही. कामगारच चिडले! आठ टक्के म्हटल्यावर कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? मांबलम स्टेशनाबाहेर एकाने ह्यांना सरळ तोंडावर विचारलं, "रायर, आमचं भलं झालेलं तुम्हाला बघवत नाही का?" हे घरी आले ते जेवलेसुद्धा नाहीत धड. ज्यांच्यासाठी चोरी केली त्यांनीच म्हणावं चोर, तशातली गत.

त्यातच ह्यांची साठी आली. आमच्याकडे, म्हणजे ह्या तमिळ मुलखात, साठी साधीसुधी नसते. माणूस ज्या नावाच्या संवत्सरात जन्मला ते संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येतं. ह्यांचं प्लव. तेव्हा नवराबायकोला पाटावर बसवून कलशांच्या पाण्याने न्हाऊ घालतात आणि पुन्हा लग्न लावतात, मंगळसूत्र पुन्हा बांधतात, मुलं-नातवंडं अक्षता टाकतात. पहिल्या लग्नात मी अकरा वर्षांची, झोप येत होती एवढंच आठवतं. हे लग्न मला डोळे उघडे ठेवून करायचं होतं.

हे हौसेने पत्रिका घेऊन निघाले. कोपऱ्यांना हळद लावलेल्या पत्रिका, ताटात कुंकू. सगळा कारखाना बोलावला. ज्याने स्टेशनावर तोंड टाकलं त्यालाही, आणि मॅनेजर अनंतकृष्णलाही. पत्रिकेवर ठळक छापलेलं, साठ वर्षं पूर्ण झाल्यानिमित्त.

इथे हात दाखवून अवलक्षण झालं. मद्रासमधल्या कुठल्याही कारकुनाला दोन वयं असतात, एक जन्मपत्रिकेतलं आणि एक शाळेतलं. शाळेत घालताना बाप दोन-तीन वर्षं कमी सांगतो, पुढे नोकरीत बरं पडतं म्हणून. ह्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. कंपनीच्या दप्तरी हे सत्तावन्नचे, निवृत्ती अठ्ठावन्नला. दर वर्षी कोणाची ना कोणाची साठी व्हायची, आणि साठीचा नवरदेव दुसऱ्या दिवशी सत्तावन्नचा होऊन कामाला यायचा. मॅनेजर लोक पायसम ओरपून यायचे, कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात काही आलंच नाही.

अनंतकृष्णच्या मात्र आलं. त्याने ह्यांना केबिनमध्ये बोलावून पत्रिका टेबलावर ठेवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "रायर, अभिनंदन. आता मी काय करू सांगा. साठ खरे असतील तर दोन वर्षं तुम्ही फुकटचा पगार घेतलात, तो ग्रॅच्युइटीतून कापावा लागेल. आणि तुम्ही निवृत्त झालात की विश्वस्ताची जागा रिकामी. निवृत्तीने रिकामी झालेली जागा पुढची निवडणूक होईपर्यंत कंपनी भरते. तो माणूस सही करेलच. मग तुम्हीच का नाही करत? सही करा, मी साठीला येतो, जेवतो, आणि हे साठ वगैरे विसरतो."

संध्याकाळी हे घरी आले ते चेहरा काळाठिक्कर. सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुळसी, साठी रद्द करू या. छापखान्याची चूक झाली म्हणून सांगतो. जागा टिकली पाहिजे, नाहीतर फंड गेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रद्द करू? आणि पुढच्या वर्षी करू? प्लव संवत्सर म्हणजे काय बस आहे का, ही चुकली तर दुसरी येईल? आणि रद्द करून तरी काय? आज त्याने वयाचा धाक घातला, उद्या दुसरा घालेल. असा माणूस एकदा मानेवर बसला की उतरतो का? रायर, तुम्ही लोकांना नाही म्हणायला चांगले शिकलात. स्वतःच्या भीतीला एकदा म्हणून बघा!"

बोलले खरी, पण मनात मीही हिशेब करत होते. दोन वर्षांचा पगार म्हणजे आमचं म्हातारपणच की. ह्यांनी फंडाच्या नियमांची वही काढून चाळली. मग वळले आणि विचारलं, "त्या दिवशी किती लोक येतील म्हणतेस?"

"सगळे येतील. फुकटचं जेवण कोण सोडतो?"

"निवृत्तीने जागा रिकामी झाली तर कंपनी भरते," ते सावकाश म्हणाले, "पण विश्वस्ताने आपण होऊन जागा सोडली तर निम्म्याहून जास्त वर्गणीदार जमवून तिथल्या तिथे दुसरा निवडता येतो. कारखान्यात एवढे लोक एकत्र जमू देतात कुठे? पाळ्या वेगळ्या, फाटकाशी गुरखा."

मी म्हटलं, "छत्रममध्ये गुरखा नसतो." छत्रम म्हणजे आमचं लग्नाचं कार्यालय.

साठीच्या दिवशी नादस्वरम वाजतंय, माणसं मावत नाहीत. अनंतकृष्ण पहिल्या रांगेत, जरीकाठी वेष्टी नेसून. ठरावाचा कागद बरोबर घेऊनच आला होता, बघा निर्लज्जपणा! आम्हाला पाटावर बसवलं. कलशांवर कलश ओतले. मंगळसूत्र बांधलं. भटजी म्हणाले, आता कपडे बदलून या. हे उठले, आणि तसेच ओलेचिंब, धोतरातून पाणी ठिबकतंय, मंडपाच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि वाजंत्र्यांना हाताने थांबवलं.

"मी आज साठ वर्षांचा झालो," हे म्हणाले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "सत्तावन्न खोटं. मी उद्या नोकरी सोडतोय. पण त्याआधी, आत्ता, मी विश्वस्ताची जागा सोडतो. तुम्ही सगळे वर्गणीदार इथे आहात. माझ्या जागी माणूस निवडा आणि मगच पानावर बसा."

अनंतकृष्ण ताडकन उठला. "रायर, हा धार्मिक कार्यक्रम आहे!"

"म्हणूनच इथे खोटं बोलायचं नाही, सार."

मागून एकजण ओरडला, तोच, स्टेशनावरचा. "आठ टक्के का नको, ते आधी सांगा!"

"सांगतो. माउंट रोडवर एवढ्या बँका आहेत. आठ टक्के देणाऱ्या गिरणीला त्यातल्या एकीनेही पैसे का दिले नाहीत? बँक ज्याला उभं करत नाही तो तुमच्या दारात आलाय. बुडाली तर गिरणी मेव्हण्याची, बुडणारं म्हातारपण तुमचं. तरी द्यायचे असतील तर सही करणारा माणूस निवडा. पैसे तुमचे आहेत, मी आडवा येणार नाही. पण निवडणारे तुम्ही असा, ते नव्हेत."

 मला वाटलं, झालं! आता ही माणसं आठ टक्क्यांच्या नावाने हात वर करणार, आणि आमची नोकरीही गेली, फंडही गेला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक उभी राहिली. रंगखात्यातली सरोजा. नवरा कारखान्यातच पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता, दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. त्यानंतर तिला कामावर घेतलं होतं. ती म्हणाली, "माझा नवरा तीस वर्षांचा गेला. म्हातारपण त्याने बघितलंच नाही. फंडाचे पैसे आले त्यावर माझी पोरं जेवतायत. त्या महिन्यात ते पैसे गिरणीत असते, तर मी कोइमतूरला जाऊन कोणाचं दार ठोठावलं असतं?"

बस, एवढंच. ती खाली बसली. पण प्रत्येकजण आपापल्या बायकोकडे बघायला लागला. आणि तो स्टेशनावरचा तोंडाळ, त्यानेच आधी आरोळी दिली, "सरोजाच विश्वस्त!" हात वर झाले ते मला मोजता आले नाहीत, मोजायची गरजही नव्हती. प्रतापसिंहने खाली मान घातली होती, त्याचाही हात हळूहळू वर गेला. अनंतकृष्ण पायसम न घेता निघून गेला. पहिल्यांदाच एखाद्या साठीतून मॅनेजर उपाशी गेला असेल, जाऊ दे!

कंपनीने बोलल्याप्रमाणे केलं. दोन वर्षांचा पगार ग्रॅच्युइटीतून कापला आणि वर मागच्या दाराने घरी पाठवलं, ना हार ना फोटो. पुढे महिन्याभराने अनंतकृष्ण स्वतः आमच्या घरी आला. सरोजा सही करत नव्हती. ठराव पुढे ठेवला की एकच शब्द, "माट्टेन." करणार नाही. तो ह्यांना म्हणाला, "ती तुमचं ऐकेल. एक शब्द टाका. कापलेली रक्कम उद्या परत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांचा स्वतःचा फंड अजून हातात आला नव्हता, घरात तेव्हा तांदूळसुद्धा उधारीवर होता, आणि मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला. म्हणूनच जास्त चीड आली. मी म्हटलं, "आमचं म्हातारपण तुम्ही खाल्लंत, पचवा. तिचं मागायला आमच्या दारात यायचं नाही. कॉफी प्या आणि उठा." कॉफी तशीच टाकून तो उठला.

लोक विचारतात, मग ती गिरणी बुडाली ना? बुडाली म्हणून सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. पण नाही बुडाली. मुदलाळीने शेवटी घरचा पैसा घातला आणि ती चांगली चाललीय, मुदलाळीच्या मेव्हण्याने परवा मोटार घेतली. काहीजण हळूच म्हणतात, बघा रायर, आठ टक्के गेले. जाऊ देत! चालव म्हणावं गिरणी, पण स्वतःच्या पैशावर चालव. चारशे माणसांचं म्हातारपण पणाला लावून तुम्ही जिंकलाही असतात, तरी ते पणाला लावायचा हक्क तुम्हाला मिळत नव्हता. हे मी अनंतकृष्णला सांगितलं असतं, पण तो माझी कॉफी टाकून गेला.