लिंपणाखालची तारीख

महाराष्ट्र राज्य नवेनवे होते तेव्हा मी हिवताप खात्यात फवारणीचा मुकादम होतो. कामात माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत होती. सातपुड्यातल्या काठी गावाकडचे सगळे पाडे होळीच्या आधी उरकायचे, प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकायची आणि अहवालात ‘सर्व घरे पूर्ण’ लिहून मोकळे व्हायचे. माझा अहवाल सगळ्यांच्या आधी पोचे. त्याच जोरावर नोकरी कायम व्हायची होती.

माझ्या हाताखाली पंप मारायला एक पावरा आदिवासी गडी होता. वयाने थोर, पण मला तूच म्हणे. डोंगरात सगळे सगळ्यांना तूच म्हणतात. त्याच्या बायकोला दोन पावसाळे थंडीताप येत होता. होळी झाल्यावर एकदा त्याने मला घरी नेऊन भिंत दाखवली. सणासाठी बायकांनी कुडाच्या भिंती शेणामातीने नव्याने लिंपल्या होत्या. आमचे औषध लिंपणाखाली, तारीखही लिंपणाखाली.

“दवा होळीनंतर मार,” तो म्हणाला. “आधी मारतो ती मातीत जाते.”

त्या पावसाळ्यात मी वहीत टिपणे ठेवली. जीप बिघडल्यामुळे दोन पाड्यांवर आम्ही होळीनंतर पोचलो होतो. ताप तिथेच तेवढा तुरळक होता.

हिवाळ्यात धडगावला दोन दिवसांचा अभ्यासवर्ग भरला. जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरांनी रक्ततपासणीचे आकडे नकाशावर मांडले आणि विचारले, फवारणी पूर्ण झालेल्या गावांतला ताप हटत का नाही? उत्तर कागदात नाही, तुमच्यापाशी आहे, असेही म्हणाले. माणूस भला होता. पंपवाल्यांनाही त्यांनी मुद्दाम बोलावले होते. माझा गडी उठला आणि त्याने आपल्या पावरी बोलीत भिंतीची सगळी हकीकत सांगितली. त्याची मराठी बाजारापुरती होती. तो काय म्हणतो ते मराठीत सांगावे म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले.

सगळी घरे पूर्ण, आणि ती फुकट गेली हे मीच सांगायचे? वही माझ्या पिशवीत होती.

“काम नीट चाललंय म्हणतो, साहेब. पंप तेवढे जुने झालेत.”

डॉक्टरांनी लिहून घेतले. नवे पंप आले, आणि तेही आम्ही होळीच्या आधीच चालवले. मी कायम झालो.

श्रावणात त्याची बायको तापाने गेली. आठवड्याने कामावर आल्यावर पंप धुता धुता त्याने विचारले, साहेबाला भिंतीचे सांगितले होते ना?

“सांगितलं होतं,” मी म्हणालो. “त्यांना पटलं नाही.”

त्यावर तो माझीच समजूत घालू लागला. तू तरी काय करणार, साहेब मोठा माणूस, त्याला आपली भिंत कशी कळावी. त्या समजुतीची लाज मला आजही वाटते.

पुढच्या वर्षी मी फवारणी होळीनंतर ठेवली. कोणाला विचारावेही लागले नाही. तेवढे पहिल्यापासून माझ्या हातात होते. पहिले घर त्याचेच घेतले. भिंतीवर गेल्या वर्षीचेच लिंपण होते, तडकलेले. होळीसाठी लिंपायला घरात कोणी उरले नव्हते.