चार आण्यांची पहिली कमाई: तुळजापूर, नळदुर्ग, मुरूम

आमच्या घरात एक भाषण आहे. मी ते करतो आणि बाकीचे ऐकतात, निदान तसा चेहरा तरी करतात. सोळा वर्षांचा ईशान महिन्याचे पैसे वाढवून मागायला आला की ते सुरू होतं. "मी आठ वर्षांचा असताना तुळजापुरात कवड्यांच्या माळा ओवल्या. पहिल्या माळेचे चार आणे मिळाले. स्वतःच्या कष्टाचे! बापाकडं हात पसरला नाही." मग चार आण्यांत अर्धा तास भाड्याची सायकल मिळायची, तिला ब्रेक नसायचे आणि आम्ही ते मागायचोही नाही, असं सगळं ओघानं येतं. ब्रेकपर्यंत पोचलो की ईशान मोबाइल पुढं धरतो, मी पैसे पाठवतो आणि भाषण संपतं.

मुरूमहून आक्काचा फोन आला तेव्हा मी नेमका ब्रेकपर्यंत आलो होतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या रूपालीचं लग्न नुकतंच झालं आणि शुक्रवारी देवीचा गोंधळ घालायचा होता. आक्का फोनवर हॅलो म्हणत नाही.

"बाळ्या, आईची कवड्याची माळ तुझ्याकडंच हाय ना?"

"आहे. पण दोरा कुजून तुटलीय. डब्यात घालून ठेवलीय."

"मग तुळजापूरला जा, ओवून घे, देवीच्या पायाला लावून आण. शुक्रवारी देवीपुढच्या चौकावर मांडायची हाय. आई तर न्हाय, निदान तिची माळ तरी पाहिजे. आणि नवी घेऊन येऊन आईची म्हणून गळ्यात मारू नको. मला कळतंय."

फोन बंद. रूपालीच्या लग्नात चुकून शेजारच्या मांडवात जेवून आलो होतो त्याची भरपाई म्हणून ही कामगिरी मिळाली असावी. बुधवारी पहाटे स्टीलचा डबा पिशवीत टाकून मी पुण्याहून सोलापूरची गाडी धरली.

बुधवार: सोलापूर ते तुळजापूर

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सोलापूरच्या स्टँडवरून तुळजापूरला सतत एसट्या सुटतात. तास-सव्वा तास लागतो, तिकीट शंभराच्या आत. शक्यतो उजव्या खिडकीशी बसा, म्हणजे घाट चढताना मागं पसरलेलं माळरान दिसतं. डाव्या खिडकीशी बसलात तर शेजारच्याचा मोबाइल दिसेल. मला मोबाइल दिसला.

कंडक्टरनं एका आजोबांना विचारलं, "वय किती, बाबा?"

"पंच्याहत्तर झालं की."

"कार्ड?"

"अरं, तोंड बघ की माझं! कार्डावर ह्याच्यापेक्षा जुनं काय लिव्हलं असंल?"

सगळी गाडी हसली. आजोबांनी मग निवांतपणे कार्ड काढलं. ते पहिल्यापासून खिशातच होतं.

तुळजापुरात उतरलो आणि आधी भाव बघून छाती दडपली. स्टँडजवळ चहा पंधरा रुपये. कपाचा आकार असा, की तो चहा प्यायचा की डोळ्यांत घालायचा ते कळेना. लॉज बाराशे रुपये. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, आणि "सहाला या" असं मालकानं अशा आवाजात सांगितलं की ते आठपर्यंत टिकत नसणार हे समजलं. जेवण मात्र झकास: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, झणझणीत पिठलं, दीडशे रुपयांत पोटभर. माझ्या लहानपणी गावात गारीगार पाच पैशाला होतं. आज पाच पैशांचं नाणं दाखवलं तर पोरं ते कुठल्या राजाचं म्हणून विचारतील.

जेवून मी डबा घेऊन बाजारात निघालो. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुंकवाचे ढीग, परड्या, बांगड्या, पेढे आणि कवड्यांच्या माळा. 'कवडीमोल' हा शब्द ज्यानं काढला त्यानं तुळजापुरात कवडीचा भाव विचारला नसावा. पहिल्याच दुकानात साडेतीनशे सांगितले.

"मला नवी नको. ही ओवून द्याल?" मी डबा उघडला.

दुकानदारानं डब्यात पाहिलं, मग माझ्याकडं. "साहेब, इथं आता ओवत कुणीच न्हाय. तयार माल येतो. नवी घ्या, तीनशेला देतो. चांगली नायलॉनची हाय, तुमच्या नातवापर्यंत टिकंल."

दुसरा दुकानदार तेच म्हणाला. तिसऱ्यानं डबाच विकत मागितला. जुन्या कवड्यांना गिऱ्हाईक असतं म्हणे. शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. नायलॉनची माळ पाहिल्यावर आक्काचा चेहरा कसा होईल ते मी उभ्या उभ्या बघून घेतलं आणि ज्या गल्लीत माझं बालपण गेलं तिकडं वळलो.

कारण तिथं शांतामावशी होत्या. म्हणजे, असल्या तर.

आमच्या वेळी त्यांच्या सासूबाईंचं माळांचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतली पोरं त्या दुकानाच्या पायरीवर बसून माळा ओवायची. मापटंभर कवड्या आणि मेण लावलेला सुती दोरा मिळायचा. नियम एकच: प्रत्येक कवडीचं तोंड बाहेर, पाठ आत. शेवटची गाठ मोठी माणसं मारायची. गाठ मारता मारता माळ तपासायची. एक जरी कवडी उलटी निघाली तरी माळ बाद, मजुरी बुडाली आणि वर सगळी माळ उसवायचं कामही आपल्याच गळ्यात. नव्यानं लग्न होऊन आलेल्या शांतामावशींकडं हे तपासायचं काम होतं. त्यांचा डोळा चुकवून उलटी कवडी गेल्याचं मला आठवत नाही.

दुकान होतं. त्याचं आता जनरल स्टोअर्स झालंय, पण पायरी तीच. आणि पायरीवर, पिकलेल्या केसांचा लहानसा अंबाडा बांधून, शांतामावशी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मावशी, ओळखलं का? मी बाळ्या. पंचायत समितीतल्या क्लार्कसाहेबांचा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाळ्या व्हय? आरं, तू तर लई सुटलास! गोष्टी लिहितोस म्हनं. बसून बसून असंच व्हतंय."

डबा पाहताच त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "माझ्या डोळ्याला आता दोरा दिसत न्हाय. तूच ओव. म्या सांगते. दोऱ्याचं वीस रुपये व्हतील."

"वीस? आमच्या वेळी तर..."

"तुमच्या येळी दोरा फुकट व्हता, कारन तुमीबी फुकटच व्हता. बस."

मी बसलो. अर्धशतक ओलांडलेले गुडघे त्या पायरीवर दुमडताना जो आवाज झाला त्यानं समोरचं कुत्रं उठून गेलं. परातीत कवड्या ओतल्या. बहुतेक सुट्या झाल्या होत्या. फक्त गाठीजवळचा बोटभर तुकडा अजून जुन्या दोऱ्यात शाबूत होता. तो हातात घेतला आणि थबकलो.

गाठीला लागून असलेली कवडी उलटी होती. तोंड आत, पाठ बाहेर.

"मावशी, हे काय? ही माळ तर आईच्या लग्नातली."

मावशींनी तुकडा चाचपला. अंगठा त्या कवडीवर फिरला आणि त्या अशा हसल्या की आतून सूनबाई बघायला आली.

"लग्नातली कुठली? ही तुझी माळ हाय, येड्या. तू ओवलेली पयली."

"माझी पहिली माळ तर पास झाली होती. चार आणे मिळाले होते."

"पास? ही बघ की पास! शेवटाला कटाळला आसशील, घातलीस उलटी. सासूबाईनी बाद केली. म्हनल्या, एक पैसा द्यायचा न्हाय. तू दारात उभा, डोळं भरलेलं. म्या तुला म्हनलं, जा, उद्या ये. मग तुझी आई आली बाजारातनं. चप्पल घ्यायला निघाली व्हती. जुनीचा अंगठा तुटलेला, पिन लावून चालत व्हती. तिला म्या सांगितलं. तर म्हनली, ती माळ मला द्या. सासूबाई म्हनल्या, बाई, उलटी हाय ती. आई म्हनली, असू द्या. देवीला पोराचा हात कळतो. तीन रुपये दिले. आणि म्हनली, ह्यातले चार आने उद्या त्याला द्या. म्या दिलं म्हनून सांगू नगा."

"आणि चप्पल?"

"न्हाय घेतली. तशीच पिन लावून गेली. पाऊस लागंपर्यंत तीच वापरली तिनं."

मी तो तुकडा पुन्हा हातात घेतला. मुलाला चार आणे मजुरी मिळावी म्हणून तीन रुपये खर्च करणारी बाई कुठल्याही हिशेबात बसत नाही. महागाईवर मी आजवर कितीतरी लेख लिहिले, पण एवढं महाग काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि त्याच पैशांची सायकल भाड्यानं घेऊन मी त्या दिवशी आईच्या समोरूनच दोन फेऱ्या मारल्या होत्या. हात सोडून.

"आता ओव," मावशी म्हणाल्या. "आणि ती सरळ घालायची का?"

मी परातीकडं बघत राहिलो. गोंधळाची माळ, चौकावर मांडायची, चार पाहुणे बघणार. आक्काचा डोळा तर मावशींच्या सासूपेक्षा कडक.

"नाही. जशी होती तशीच."

बोटं लवकर आठवू लागली. तोंड बाहेर, पाठ आत, तोंड बाहेर, पाठ आत. दिवेलागणीपर्यंत माळ झाली. शेवटची कवडी उलटी घातली. गाठ मावशींनी मारली, न बघता, नुसती चाचपून. दोऱ्याचे वीस रुपये त्यांनी घेतले आणि जाताना मूठभर शेंगा दिल्या.

गुरुवार: देऊळ, नळदुर्ग, मुरूम

सहाला गरम पाणी होतं. साडेसहाला नव्हतं.

बहुतेक देवळांत देवाकडं चढून जावं लागतं. तुळजापुरात खाली उतरावं लागतं. पायऱ्या उतरत, कल्लोळतीर्थावरून, गोमुखाच्या धारेखाली हात धरून आपण खाली जातो आणि वरच्या बाजाराचा आवाज एकेक पायरीवर मागं राहतो. या गावात वाढलेल्या माणसाला हे कधी जाणवलंच नव्हतं. लहानपणी आम्ही या पायऱ्या पळतच उतरायचो. या वेळी माळ हातात होती आणि पाय आपोआप हळू पडत होते. गाभाऱ्यात पुजाऱ्यांनी माळ देवीच्या पायांना लावली, क्षणभर ठेवली, परत दिली. इतकंच. गर्दीनं मला बाहेर ढकललं तेव्हा माझे डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

चिंतामणीचा गोल दगडही गाठला. प्रश्न मनात धरायचा आणि हात ठेवायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं तर नाही. मी विचारलं, भाव उतरतील का? दगड जागचा हलला नाही. मागचा माणूस म्हणाला, "काका, झेपंल असं विचारा की."

तिथून नळदुर्गची बस. फार तर तासाभराचं अंतर. मुरूमला जाताना वाटेतच आहे, तेव्हा किल्ला चुकवू नका. पाणी आणि टोपी सोबत ठेवा, आत सावली कमी. बोरी नदीवर आडवी भिंत घातलीय आणि त्या भिंतीच्या पोटात महाल आहे. पाणीमहाल. पावसाळ्यात धबधबे पडतात, ते मला मिळाले नाहीत, पण वरच्या बाजूला थोपवलेलं निळं पाणी आणि आपण भिंतीच्या आत, थंडगार झरोक्यात. बोलावंसं वाटत नाही. शाळेची सहल आली होती, ती झरोक्याशी गोळा झाली. मग एका मुलीनं विचारलं, "सर, ह्ये बांधायला किती खर्च आला असंल?"

"लई. पण तवा महागाई नव्हती," सर म्हणाले.

एरवी यावर मी एक लेख लिहिला असता. त्या दिवशी भिंतीला हात लावून उभा राहिलो. एवढं पाणी अडवून धरलेलं, आणि आत बसलेल्याला त्याचा थेंब लागत नाही. आईची पिन लावलेली चप्पल आठवली.

नळदुर्गहून हैदराबादच्या रस्त्यानं येणेगूर, तिथून शेअर रिक्षानं मुरूम. रिक्षात आठ माणसं आणि एक शेळी, आणि शेळीचं भाडं लागत नाही ही या प्रवासातली एकमेव स्वस्त गोष्ट. मुरूममध्ये पोचलो तर दारात मांडव, आत हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा वास. दाजींनी, म्हणजे आक्काच्या यजमानांनी, पिशवी घ्यायला हात पुढं केला. आक्कानं त्यांच्या आधी डबा ओढला.

माळ तिनं वर धरली. कवड्यांकडं बघितलंच नाही. बोट सरळ गाठीकडं गेलं, शेवटच्या कवडीवर थांबलं.

"हाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

"काय हाय?"

"उलटी. सरळ करून आणली असतीस तर आल्या पावली परत धाडलं असतं तुला."

"तुला माहीत होतं?"

"आईनंच सांगितलं. माळ गळ्यात घालताना ती कवडी मागं मानेवर घ्यायची, कुणाला दिसू नये म्हणून. म्या एकदा विचारलं, तर सांगितलं. वर म्हनली, बाळ्याला बोलू नको, तो लई खुशीत असतो."

"चाळीस वर्षं मी ते चार आणे सगळ्यांना ऐकवतोय, आक्का! रूपालीच्या लग्नात व्याह्यांना ऐकवले. एकदा तरी गप्प करायचं होतंस!"

"तुला सांगू नको म्हनली होती आई. तुला गप्प कर, असं कुठं म्हनली?"

शुक्रवारी संध्याकाळी गोंधळ उभा राहिला. संबळ कडाडला तशी मांडवाखालची सगळी माणसं हलल्यासारखी झाली. धान्यानं भरलेल्या चौकावर आईची माळ होती. उलटी कवडी आक्कानं मुद्दाम समोर केली होती. गोंधळ्यांनी ती पाहिली, आक्काकडं पाहिलं आणि पुढचं आवाहन घेतलं. नाव घेऊन एकेका देवीला बोलावत होते ते, आणि मला मात्र बाजारातून पाय ओढत येणारी एकच बाई दिसत होती. माळ आता रूपालीकडं गेली.

घरी

रविवारी पुण्याला परतलो. हाती राहिलं ते असं: पेढ्यांचा पुडा, मूठभर शेंगा आणि दोन गुडघे, जे अजून त्या पायरीवरून उठलेले नाहीत. एकूण खर्च, लॉज-जेवण-भाडी धरून, साडेचार हजारांच्या आसपास. दोन दिवस हाताशी असतील तर आरामात होतं. मंगळवार आणि पौर्णिमा टाळा, गर्दीत चेंगराल.

रात्री जेवताना ईशान खाकरला. "बाबा, ते महिन्याचे पैसे. या महिन्यापासून थोडे वाढवता येतील का?"

आणि तो खुर्चीत मागं रेलून बसला, ब्रेक नसलेल्या सायकलीची वाट बघत.

मी मोबाइल काढून पैसे पाठवले. त्यानं स्क्रीन पाहिला, मग माझ्याकडं.

"भाषण?"

"नाही."

"का? बरं आहे ना तुम्हाला?"

मी ताटातली शेंग फोडली. "खा गुपचूप," म्हणालो. "आणि तुझी चप्पल तुटलीय. उद्या आपण दोघं जाऊन घेऊ."