शेजारच्या वर्गातला खडू

"मावशी, आई उठत नाहीये..." सुरेखाच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला रिक्षाची वाट बघत होते. तशीच दिघीला तिच्या घरी गेले. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. टेबलावर शिक्षक पात्रता परीक्षेची गाइडं उघडी पडली होती. ती उचलून खिडकीबाहेर फेकावी, इतका मला राग आला.

आम्ही एकाच शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांत. तिच्याकडे पहिली, माझ्याकडे दुसरी. तिचे वडील भोसरीत कंपनीत कामगार. आमच्या घरातली शाळेत शिकवणारी पहिली बाई मीच, असं ती मिरवायची. तिच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता केव्हाच मिळालेली. मग नवा नियम आला. जुन्यांनीही परीक्षा पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, मुलगी कॉलेजात... नोकरी गेली तर काय, हा घोर तिने जिवाला लावून घेतला.

पहिल्या वेळी ती थोडक्यात नापास झाली. मूल वर्गात बोलतच नाही, तर शिक्षकाने काय करावं, असा एक प्रश्न होता. "अगं, चारांतला एकही पर्याय खरा नाही. म्हणून सोडूनच दिला." असे आणखी किती सोडले, कोण जाणे. मी वैतागून म्हटलं, "बये, त्यांना हवा तो गोल भर ना."

त्या प्रश्नाचं तिचं उत्तर मला ठाऊक होतं. न बोलणाऱ्या मुलाला ती माझ्याकडे खडू आणायला पाठवायची. तोंडाने मागितल्याशिवाय द्यायचा नाही, हा आमचा करार. मूल दारात ताटकळायचं, मी मुद्दाम फळ्यावर लिहीत राहायची. कधीतरी मागून बारीक आवाज यायचा, "बाई, खडू..." भिंतीपलीकडे सुरेखा कान लावून असायची.

दुसऱ्यांदा पेपर देऊन आली तेव्हा म्हणाली, "या वेळी त्यांना हवे तेच गोल भरले." निकाल ती गेल्यावर लागला. पास झाली होती. मुलीने फोनवर सांगितलं.

तिच्या जागेवर अजून कुणी नाही. नव्या बाईंच्या नेमणुकीची मान्यता वर खात्यात अडकली आहे. तोवर पहिलीही माझ्याच वर्गात बसते. त्यात एक मुलगी आहे, आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. परवा सवयीने मी तिला म्हणून गेले, "जा गं, शेजारून खडू घेऊन ये."

ती निघाली. रिकाम्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली... आणि मला तिला परत बोलावताही येईना.