संध्याकाळी हाक कोण मारतं?

आमच्याकडे केक कापला की त्याचा वरचा मजला आत्याचा. लग्न असो, बारसं असो, मयत असो, भेट आलेल्या विणलेल्या चटयांमधली सगळ्यात भारी चटई आत्याच्या घरी जाते. बापाची थोरली बहीण म्हणजे आम्हा टोंगन लोकांच्या घरातलं शेवटचं न्यायालय. तिच्या निकालावर अपील नाही. माझी आत्या तोकिलुपे, गावाची लुपेताई, हा हक्क अगदी मनापासून उपभोगायची. आमच्या अंगणात आली, एखाद्या डुकराकडे बघितलं आणि नुसतं म्हणाली, "छान भरलंय गं," की दुसऱ्या दिवशी बाबा ते मुकाट्याने तिच्या दारात बांधून यायचे. आईचा निळा झगा असाच गेला. तेव्हापासून आईने नवे कपडे घालून तिच्यासमोर जाणं सोडून दिलं.

त्यात भर म्हणजे, मोठ्या झालेल्या बहीणभावांनी एका खोलीत बसायचं नाही ही आमची रीत. आत्या पुढच्या दाराने आत आली की बाबा मागच्या दाराने बाहेर. मग ती आत चटईवर, बाबा बाहेर फणसासारखी फळं येणाऱ्या त्या झाडाखाली, आणि मधे उंबऱ्यावर मी.

"एसेता, ताईंना विचार, चहा घेणार का."

"आत्या, बाबा विचारतात, चहा घेणार का."

"बाबाला म्हणावं, साखर मागच्यासारखी कंजूषपणे नको."

दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू यायचं. तरी मी सांगायचे. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असा एक दुभाषी लागतो.

त्या वर्षी मला न्यूझीलंडला शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. विषय समुद्रातले जीव. कावाच्या मुळांचं पेय पीत बसलेल्या म्हाताऱ्यांना हसून हसून ठसका लागला. "मासे इथे, आणि पोरगी मासे शिकायला तिकडे?" आता प्रश्न होता तो कुठल्या विद्यापीठाचा. दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता, एक ऑकलंड आणि दुसरं थेट दक्षिणेचं ड्युनेडिन. दोन्हीकडे फी शिष्यवृत्तीतून जाणार होती, वर दर महिन्याला खर्चाला पैसे. ड्युनेडिनमध्ये वसतिगृह घेतलं की ते पैसे राहण्याजेवण्यातच फस्त. ऑकलंडला मात्र आत्याची मुलगी वीका राहते. घर आहे, गॅरेजमध्ये एक कॉट आहे, जेवण आहे, सगळं फुकट. म्हणजे महिन्याचे सगळे पैसे घरी. बाबांनी त्या पैशांतून होडीचं इंजिन घ्यायचं ठरवून टाकलं आणि भिंतीवर येशूच्या तसबिरीशेजारी इंजिनाचं चित्रसुद्धा लावलं.

मला ड्युनेडिनला जायचं होतं. आमच्या गावातल्या दोन मुली माझ्याआधी ऑकलंडला नातेवाइकांकडे राहून शिकायला गेल्या होत्या. एक आता तिथल्या चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभी असते, दुसरी कुणाच्या तरी चार मुलांचे डबे भरते. डिग्रीचं दोघींनाही कोणी विचारत नाही. ड्युनेडिनच्या माहितीपुस्तकात वसतिगृहातल्या एका खोलीचा फोटो होता. मुलगी खिडकीशी वाचत बसली होती आणि तिच्यामागे दार होतं, बंद केलेलं. मला जन्मात कधी बंद करायला दार मिळालं नव्हतं. आमच्या घरात दारांच्या जागी पडदे. तो फोटो मी उशाखाली ठेवत होते, पण हे बोलायचं कोणाकडे? कुठे जायचं ते आत्या ठरवणार होती, आणि वीकाला वर्षापूर्वी जुळे झाले होते. नवरा विमानतळावर रात्रपाळीला, ती वृद्धाश्रमात दिवसपाळीला. तिला हातभार लावणारं माणूस हवं होतं हे आमच्या वावाऊ बेटावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. मी खटला उभा राहण्याआधीच हरले होते.

मे महिन्यात जुळ्यांचा पहिला वाढदिवस होता. आत्या निघाली आणि निघताना मला म्हणाली, "तूही चल. निकाल द्यायचा तर जागा बघायला नको?"

ऑकलंडला उतरल्यावर मला एक गंमत दिसली. वाढदिवसाला सगळं चर्च लोटलं होतं, दहा-बारा डुकरं भाजली होती, आणि केकचा वरचा मजला गेला वीकाच्या नवऱ्याच्या बहिणीला. हक्क तिचा, ती त्या पोरांची आत्या. आमच्या आत्याला मिळाला तळाचा तुकडा, तोही कडेचा. तिने तो शांतपणे खाल्ला आणि प्लेटा गोळा करायला उठली. आत्याला प्लेटा उचलताना मी पहिल्यांदा बघत होते.

त्याच आठवड्यात ऑकलंडच्याच मानुकाऊ भागातल्या एका हॉलमध्ये सगळ्या विद्यापीठांचे स्टॉल लागले होते. काळा पोशाख, आमच्या रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई, हातात भलीमोठी पर्स अशी आत्या तिथे शिरली. निघताना वीकाने बजावलं होतं, "आई, ऑकलंडचाच बघून ये हं. बाकीच्यांत पाय दुखवू नकोस." आत्याने सगळे बघितले. प्रत्येक टेबलावरचं फुकटचं पेन पर्समध्ये टाकलं आणि प्रत्येक टेबलामागच्या विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारला. दुभाषी अर्थातच मी.

"याला विचार, संध्याकाळी तुला हाक कोण मारतं?"

लोक अभ्यासक्रम विचारत होते, नोकऱ्या विचारत होते. मी शरमेने अर्धी झाले. एक मुलगा डोकं खाजवून म्हणाला, "म्हणजे फोनवर?" दुसरा आमच्या शेजारच्या सामोआ बेटांवरचा होता. त्याला बरोबर कळलं आणि तो खो खो हसत सुटला. "आजी मारते, आई मारते, काका मारतो, काकाचा शेजारीही मारतो!" आत्याने मान डोलावली आणि त्याचंही पेन घेतलं.

ड्युनेडिनच्या टेबलामागे लाल नाकाची, अनवाणी मुलगी होती. कुठल्याशा मेंढपाळाची लेक.

"संध्याकाळी? कोणीच नाही," ती म्हणाली. "जेवणाची वेळ झाली की आपण आपलं खाली जायचं. नंतर दार लावून वाचायचं. नाहीतर दंगा करायचा."

"खर्च किती येतो?"

तिने खोली, जेवण, पुस्तकं, कपडे धुण्याची नाणी, गरम कोट, सगळं सांगितलं. कोट जुन्या बाजारात घ्यायचा, नवा परवडत नाही.

"महिनाअखेर उरतं काय?"

"केस कापण्यापुरतं उरतं. तेही मैत्रीणच कापते."

आत्याने तिच्या कपाळावरच्या वाकड्या बटा निरखल्या. "दिसतंच आहे. आणि आजारी पडलीस तर?"

"मजल्यावरच्या मुली सूप आणतात." मग तिने नाक पुसलं. "एकदा सुट्टीत कोणीच नव्हतं. तेव्हा खूप रडले."

"ही खोटं बोलत नाही," आत्या मला म्हणाली. मग टेबलाला टेकवलेल्या विद्यापीठाच्या छत्रीकडे बघून तिने नेहमीच्या सुरात म्हटलं, "छान आहे गं." मी भाषांतर केलं नाही. तरी त्या पोरीने छत्री उचलून तिच्या हातात दिली. आमची रीत तिला कुठून कळली, देव जाणे.

शनिवारी आत्याने रस्त्यावरच्या बाजारात एक जाडजूड जुनं पुस्तक घेतलं, कुणा बाईनं लिहिलेलं, ऑक्टोपसवरचं. ते माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "बाबा ऑक्टोपस धरतो, तू ऑक्टोपस शिकणार. वाच. पुढच्या रविवारी जेवताना मला सांगायचं, या बाईनं काय लिहिलंय ते."

मी खूश झाले. आठवडा म्हणजे खूप वेळ. सोमवारी संध्याकाळी गॅरेजमधल्या कॉटवर बसून पुस्तक उघडलं.

"एसे! बाटली गरम कर गं जरा!"

"एसे, याने काय तोंडात घातलंय बघ!"

"एसे, तुला इंग्रजी येतं ना, त्या विजेवाल्यांना फोन लाव."

"एसे, चर्चमध्ये गायनात दुसऱ्या आवाजाला माणूस कमी पडतंय, गाडी आली बघ न्यायला."

बुधवारी कुणाचा तरी चुलत सासरा गेला, त्यामुळे गुरुवारी सगळेच काळ्या कपड्यांत. शुक्रवारी शेजारच्या बाईची पोरंही आमच्याकडे. वीका दुष्ट नव्हती हो. ती दारातून यायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असायचे. आणि ते जुळे! त्यातला छोटा फक्त माझ्याच खांद्यावर झोपायचा. मला त्याचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. आत्या कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. दोनदा ती उठायला गेली आणि परत बसली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

रविवारी चर्चहून आलो. टेबलावर नारळाच्या दुधात शिजलेल्या पानांच्या पुड्या होत्या, रताळी होती. आत्या म्हणाली, "हं, सांग. ऑक्टोपस."

मी म्हणाले, "त्याला आठ हात असतात."

"ते माझ्या शेळीलाही माहीत आहे. पुढे?"

"पुढे गेलेच नाही, आत्या."

वीका हसली. "अगं, आठ हात असते तरी या घरात कमी पडले असते!" आम्ही सगळे हसलो. आत्या हसली नाही. तिने पुडी सोडली आणि खायला लागली.

परत गावी आलो. निकालाच्या दिवशी बाबा झाडाखाली, आत्या चटईवर, मी उंबऱ्यावर.

"बाबाला सांग," आत्या म्हणाली, "पोरगी ड्युनेडिनला जाईल."

मी ते सांगायचंच विसरले. बाहेर बाबांच्या हातून कप पडला.

"एसेता, ताईंना विचार... वीकाचं घर फुकट आहे ना?"

"त्याला सांग, फुकट मी राहिलेय. राजधानीत, काकीच्या घरी. नर्स व्हायला गेले आणि सहा पोरं मोठी करून परत आले. त्यातलं माझं एकही नव्हतं. फुकट काय असतं ते मला शिकवू नकोस म्हणावं."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. बाबा तेव्हा लहान असणार. झाडाखाली बाबांनी कपाचे तुकडे गोळा केले.

"ताईंना विचार... इंजिन?"

"वल्ही धड आहेत. हातही धड आहेत."

"आणि वीकाकडे कोण जाणार?"

"ते मी बघते," आत्या म्हणाली आणि उठली. जाताना उंबऱ्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तिच्या पायांना मिठी मारून मोठ्याने रडले, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. "पुरे," ती म्हणाली. "झगा भिजतोय." तो आईचा निळा झगा होता.

वीका आठवडाभर आईशी बोलली नाही. मग फेब्रुवारीत मी ड्युनेडिनच्या विमानात बसले त्याच दिवशी आत्या एक बॅग आणि ती छत्री घेऊन ऑकलंडला वीकाच्या दारात उभी राहिली.

वसतिगृहात माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या दिवशी मी दार लावलं, उघडलं, परत लावलं. मग इतकं शांत वाटलं की घाबरून खाली जेवणघरात जाऊन बसले. महिन्याचे पैसे खोली, जेवण, पुस्तकं आणि जुन्या बाजारातला एक तपकिरी कोट यांत संपतात. केस मजल्यावरची मैत्रीण कापते, वाकडेच. कधीकधी संध्याकाळी कान उगाच हाकेची वाट बघतात, आणि तेव्हा त्या छोट्याच्या डोक्याचा वास आठवून जीव कासावीस होतो.

पण रोज जेवणानंतर फोन येतो. तोच एक प्रश्न.

"काय वाचलंस?"

परवा मी म्हणाले, "आत्या, ऑक्टोपसला तीन काळजं असतात."

"तीन?" ती चकित झाली. "मग तुझ्या बाबाने आजवर... थांब, तीन कशाला लागतात त्याला?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या मागून वीकाचा आवाज आला. "आई! अगं आई! छोटा उठलाय!" त्याच्या पाठोपाठ तिच्या नवऱ्याच्या बहिणीचा, "लुपे, चहाचं काय झालं?" गावात जिच्या चहातल्या साखरेची चौकशी बाबा झाडाखालून करायचे, तिला ती बाई नावाने हाक मारत होती.

"आले, आले," आत्या म्हणाली. मग मला, हळूच, "बाकीची दोन काळजं उद्या सांग. तू दार लाव आणि वाच."