शेजाऱ्यांचा पहिला वस्तरा

आमचे शेजारी महाडच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहेत, आणि कुठल्याही विषयावर बोलण्याआधी चष्मा पुसतात. यंदा त्यांनी वस्तऱ्याने दाढी करायचं मनावर घेतलं. जिन्यात गाठून मला सांगायचे, "नवशिक्याने महागाच्या नादी लागू नये. पण पोलाद बघावं, पोलाद!" महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून शेवटी त्यांनी सगळ्यात स्वस्त वस्तरा मागवला.

तो आला त्या रविवारी त्यांना सुट्टी होती. मला मुद्दाम बोलावलं. पाहतो तर खुर्चीत, गालभर फेस लावून, तुडीलहून आलेले त्यांचे म्हातारे वडील बसलेले.

"आधी धार कळायला हवी ना," शेजारी माझ्या कानात म्हणाले.

वडिलांनी डोळे मिटले आणि शेजाऱ्यांनी वस्तरा फिरवायला घेतला. हनुवटीवर रक्त आलं, तेव्हा शेजारी म्हणाले, "पोलाद जरा हलकं निघालं."

वडिलांनी टॉवेलने तोंड पुसलं, लेकाच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि खुर्ची रिकामी केली. "बस रे. धार बरी हाय. आता तुझी करतो."

शेजाऱ्यांना एकदम कामावर जायचं आठवलं. चपला न घालताच ते जिना उतरले.