दत्तरावांच्या घराला गिऱ्हाईक

निवृत्त कारकुनाकडे दोन गोष्टी न मागता साठत जातात: औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या भंगारवालाही घेत नाही. किस्से निदान चहाबरोबर खपतात.

मी, शामराव आणि दत्तराव, हिंगोलीतल्या एकाच कचेरीतून, एकाच साहेबाला कंटाळून निवृत्त झालो. गेल्या दिवाळीपासून आमच्या चहाला एकच विषय आहे: दत्तरावांचं घर विकणे. वहिनींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदेड. जाताना पहाटेची एसटी, येताना खिडकीच्या गजाला टेकवलेलं कपाळ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा प्रवास यांना फार दिवस झेपणार नाही. घर विकलं तर दवाखान्याजवळ दोन खोल्या घेता येतील. इतकं साधं काम. पण ते आम्ही तिघांनी हातात घेतलं!

*

शामराव म्हणाले, "रंग द्या. माणूस भिंती बघून घर घेतो." रंगही त्यांनीच निवडला. वाळल्यावर दिसलं की सगळं घर पिवळंजर्द झालंय.

पहिलं गिऱ्हाईक कुरुंदा गावचं. चार खोल्या मुकाट्यानं फिरलं आणि दारात येऊन म्हणालं, "साहेब, आमी हळद लावतो, हळद काढतो, हळद शिजवतो, हळद वाळवतो. घरी आल्यावर तरी डोळ्याला आराम पाहिजे का न्हाई? तुमी तर भिंतीलाबी लावून राहिले!"

पुन्हा रंग द्यायचं कुणी बोललं नाही. त्या आठवड्यात वहिनींना रक्त चढवलं होतं.

*

पुढचा माणूस पाण्याचं विचारणार हे उघड होतं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले बोअर नुसती हवा देतात. म्हणून सकाळीच टँकर मागवून टाकी भरली. माणूस आला तसा मी न्हाणीतला नळ पूर्ण सोडला. काय ती धार! त्याचा चेहरा खुलला.

"बाराही महिने असंच?"

"बराबर असंच," दत्तराव म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या गयाबाई दोन घागरी घेऊन थेट आत. "काहून हो भाऊ, टँकर आला तर आवाजबी दिला न्हाई?"

गिऱ्हाइकानं स्वतः पुढं होऊन नळ बंद केला. निदान सज्जन होता.

*

त्यानंतर एक व्यापारी आला. बैठकीत बसता बसता त्यानं सहज विचारलं, "विकून काहून राहिले?"

आजारपणाचं सांगायचं नाही, एवढंच आमचं ठरलं होतं. नाहीतर लोक म्हणतात, हे घर लाभत नाही. काय सांगायचं, ते ठरवायचं राहिलं होतं. आम्ही तिघांनी एकदमच तोंड उघडलं.

"लेकाकडं, पुण्याला," मी म्हणालो.

"गावाकडं, शेती बघायला," शामराव.

"ह्याच्यापेक्षा मोठं घर बघितलंय," दत्तराव.

व्यापाऱ्यानं छताकडे पाहिलं, कोपऱ्यांकडे पाहिलं. "एक घर सोडून तीन ठिकाणी पळून राहिले? खरं सांगा, काय दिसतं हो रातच्याला इथं?"

त्यानं चहासुद्धा घेतला नाही!

*

तेव्हापासून गिऱ्हाईक येणार असलं की वहिनींनी गयाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायचं, असा नियम झाला. एकदा नांदेडहून आल्या आल्या त्यांना दोन तास तिथं बसावं लागलं. मी बोलवायला गेलो तर म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या खेपेला मलाच गिऱ्हाईक म्हणून आणा. मंग तरी आत पडायला भेटंल."

मी हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

*

आणि परवा डोंगरकडा गावच्या शाळेतले एक सर आले, बायकोला घेऊन. दुसऱ्यांदा! पहिल्या वेळी मी नव्हतो. घर पसंत होतं. बाईंना तर पिवळा रंगही आवडला होता. मिक्सर कुठं ठेवायचा, इथपर्यंत गोष्ट आली होती.

शामरावांना इथं अक्कल सुचली. "गिऱ्हाइकावर गिऱ्हाईक सोडलं की सौदा पक्का होतो. बैलबाजारात बघितलं न्हाई का?"

दुसरं गिऱ्हाईक मी. इस्त्रीचा शर्ट घातला, आत शिरलो आणि मोठ्यानं म्हणालो, "काय दत्तराव, आपल्या बोलण्याचं काय झालं?"

सर उभे राहिले. "काका, तुमचं आधीचं बोलणं हाय?"

"व्हय तर! महिना झाला."

सरांनी हात जोडले. "मंग आमी मधी येत न्हाई."

दत्तरावांचा चेहरा उतरला. "सर, यांचं काही पक्कं न्हाई."

"असं नका करू काका. या वयात यांना दुसरीकडं कुठं फिरायला लावता?"

मी घाईनं म्हणालो, "मला नकोच आता घर. तुमीच घ्या."

सरांचे डोळे भरून आले. "बघा, आमच्यासाठी मन मोठं करून राहिले! पण न्हाई काका. दुसऱ्याच्या शब्दावर पाय देऊन घेतलेल्या घरात आमाला झोप लागायची न्हाई."

"अहो सर, आमी नाटक केलं!" शामराव ओरडले.

"राहू द्या साहेब. आमच्यासाठी खोटं नका बोलू."

सरांची बायको माझ्या पाया पडली. "घर लय चांगलं हाय काका. सुखानं ऱ्हावा."

त्यांची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो. मग दत्तरावांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"मग? कधी येता ऱ्हायला?"