दुपारी मरणाऱ्या काचा

"ओव्हरसियर, तुझी तिसरीही गेली!" वैद्यबुवा ओट्यावरूनच ओरडले. मी अजून सायकलवरून उतरलोही नव्हतो. "दुपारी दोनच्या सुमाराला. मी समोरच बसलो होतो. टच्‌ आवाज झाला अन् खेळ खलास."

तिसरी म्हणजे तिसरी काच. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला भलताच संशय यायचा. जुन्या भिंतीला तडा दिसला की आम्ही ओव्हरसियर लोक तड्याच्या दोन्ही काठांवर सिमेंटनं एक पातळ काचपट्टी आडवी चिकटवतो. भिंत हलत असेल तर काच तुटते, नसेल तर शाबूत राहते. खात्यात तिला टेलटेल म्हणायचे. भिंतीची चुगली करणारी काच, एवढंच तिचं काम.

माझ्या काचेनं महिन्याभरात तीनदा चुगली केली होती.

हे धारचं. विलीनीकरण होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. संस्थानाच्या काळात दरबारच्या वैद्यांना राहायला दिलेलं ते घर आता सरकारी मालकीचं झालं होतं, आणि त्याची देखभाल आमच्या बांधकाम खात्याकडे आली होती. वैद्यबुवांचा जन्म त्याच घरातला. बायको गेलेली, मुलगा इंदुराला शिकत होता. औषधांच्या बरण्या मात्र भिंतीतल्या फडताळांत छतापर्यंत लावलेल्या. खेड्यापाड्यांतून लोक बैलगाडीनं यायचे ते त्या ओट्याच्या खुणेवर.

तिसऱ्या काचेचा रिपोर्ट गेला आणि आमच्या साहेबांनी फाइलीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं: डेंजरस. पंधरा दिवसांत घर खाली करायचं आणि पावसाळ्याच्या आत पाडायचं. वैद्यबुवांना एका खोलीचं पत्र्याचं क्वार्टर मिळणार होतं. ती नोटीस घेऊन मीच गेलो होतो.

त्यांनी ती चष्मा लावून वाचली, घडी केली आणि खलबत्त्याखाली दाबून ठेवली. "पत्र्याखाली माझी औषधं पंधरा दिवस टिकायची नाहीत," ते म्हणाले. "आणि मी महिनाभर. पण ते असो. मला एक सांग, तिन्ही काचा दुपारीच का गेल्या?"

"योगायोग असेल."

"ताप रोज दुपारी चढत असला तर आम्ही त्याला योगायोग म्हणत नाही," ते म्हणाले. "तुमच्यात म्हणत असतील."

मला राग आला. माझं वय तेवीस, डिप्लोमा ताजा, पँटीला इस्त्री. मी मूळचा देवासचा. तिथे एकाच गावात दोन संस्थानं, बडी पाती आणि छोटी पाती. माझे वडील छोट्या पातीत कारकून आणि काका बड्या पातीत, त्यामुळे आमच्याकडे जेवणाच्या पंक्तीतसुद्धा दोन सरकारं शेजारी बसायची आणि वरणावरून भांडायची. असल्या घरात वाढलेल्या माणसाला जुन्या दरबारी गोष्टींचं फारसं कौतुक नसतं. माझं सगळं कौतुक सिमेंटला होतं.

आणि त्या भिंतीवर आदल्या वर्षी सिमेंटचं प्लास्टर मीच केलं होतं. आधी चुन्याचा गिलावा होता, जागोजागी पोपडे निघालेला. मी तो सगळा खरवडून काढला आणि आतून-बाहेरून सिमेंट चोपलं. भिंत कशी गुळगुळीत, करडी, साहेबी झाली! वैद्यबुवा तेव्हाही म्हणाले होते, "अरे, तिला श्वास घेऊ दे." मी हसलो होतो. पुढे पावसाळ्यात त्यांच्या फडताळातलं हरड्याचं चूर्ण बुरसलं तेव्हा मी म्हणालो, "चूर्णच जुनं असेल." काय तो तोरा!

"तू एक काम कर," वैद्यबुवा म्हणाले. "धोंडबा गवंड्याकडे जा. हे घर त्याच्या आज्यानं बांधलंय. त्याला म्हणावं, भिंतीला दुपारचा ताप येतो."

धोंडबा तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत राहायचा. त्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं, तेव्हापासून दरबारचे गवंडी. संस्थान गेलं तशी नोकरी गेली. आता दिवाळीच्या आधी लोकांची घरं पांढरी करायची आणि बाकी वर्षभर खात्याला शिव्या घालायच्या, हा त्याचा धंदा. मी गेलो तेव्हा तो अंगणातल्या एका हौदात बादलीनं पाणी ओतत होता.

"कोण? सिमेंटवाले भिया?" त्यानं वरही पाहिलं नाही; माळव्यात भाऊला भिया म्हणतात. "या. बसा. उभेच राहा म्हणा, बसायला खाट नाही."

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. शेवटी म्हणाला, "भिंत वाजवली का?"

"वाजवली म्हणजे?"

धोंडबानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "अरे देवा! तीन साल कालेज केलं अन् भिंत वाजवायची शिकवली नाही? मग शिकवलं काय?"

त्यांच्यात रीत अशी होती, की नव्या माणसाला हातात थापी मिळायच्या आधी महिनाभर फक्त भिंती वाजवायला लावायचं. बोटांच्या पेरांनी, डोळे मिटून. भरीव भिंत आखूड, कोरडा आवाज देते. आत पोकळ असेल तर ढब असा आवाज येतो. "डोळा फसवतो," धोंडबा म्हणाला. "गिलावा वरून गोरा दिसतो अन् आतून सुटलेला असतो. कान फसवत नाही. महिना नाही तुमच्याकडे, पाच दिवस वाजवा. मग बोलू."

पाच दिवस रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी धारच्या गल्ल्यांतून लोकांच्या भिंती वाजवत हिंडलो. धोंडबा मागे हात बांधून चालायचा. मी डोळे मिटून टकटक करायचो आणि म्हणायचो, "भरीव." तो म्हणायचा, "पोकळ. पुन्हा." एका घरातून बाई ओरडल्या, "दार इकडे आहे!" एका म्हाताऱ्यानं दया येऊन मला हात धरून रस्ता पार करून दिला. चौथ्या दिवशी ऑफिसात पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचली होती, की देवासचा तो ओव्हरसियर उन्हानं भ्रमिष्ट झाला. पण त्याच दिवशी मी अकरापैकी दहा भिंती बरोबर ओळखल्या. अकरावीच्या वेळी धोंडबाच चुकला, असं माझं आजही मत आहे.

पाचव्या दिवशी आम्ही वैद्यबुवांच्या भिंतीपुढे उभे राहिलो. पश्चिमेची भिंत, बाहेरची बाजू. मी डोळे मिटले आणि पेरं टेकवली.

ढब.

हातभर बाजूला सरकलो. ढब. वर, खाली, तड्याच्या अलीकडे, पलीकडे. ढब, ढब, ढब. डोळे उघडायचा धीर होईना, कारण धोंडबा समोर उभा आहे हे ठाऊक होतं.

"बोला भिया," तो म्हणाला.

"पोकळ," मी म्हणालो. "सगळं प्लास्टर सुटलंय."

छिन्नी-हातोडीनं आम्ही परातीएवढा तुकडा काढला. तो पापडासारखा निघून आला. मागची वीट ओली होती. वैशाखात, बाहेर ऊन कडकडत असताना! गोष्ट साधी होती. जुनी वीट जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो, भिंत पिते आणि वाळते. मी सिमेंटनं सगळी तोंडं बंद केली. ओल आत कोंडली, थोडी वैद्यबुवांच्या चूर्णात गेली आणि उरलेलीनं माझं प्लास्टर भिंतीपासून सोडवलं. मग त्या सुटलेल्या प्लास्टरवर पश्चिमेचं ऊन पडायचं. दुपारी ते तापून फुगायचं आणि त्यावर चिकटवलेली माझी काच तोडायचं. भिंत जागची हलली नव्हती. मी चुगलखोर काच भलत्याच्याच अंगाला चिकटवली होती.

"अन् हा तडा?" मी विचारलं. विटेतही तडा होताच.

धोंडबानं त्यात काडी घातली. आतून माती आली, जुन्या चुन्याचे थर आले, कोळ्याचं वाळलेलं घरटं आलं. "ताजा तडा आतून स्वच्छ असतो," तो म्हणाला. "यात माझ्या बापानं मारलेली सफेदी आहे. हा तुमच्या जन्माच्या आधीचा."

चौथी काच आम्ही थेट विटेवर लावली. तिला ऊन तेवढंच, भिंत तीच. नोटिशीचे आठ दिवस उरले होते. वैद्यबुवा रोज दुपारी तिच्यासमोर पाट मांडून बसायचे आणि मी आलो की नाडी पाहिल्यासारखं गंभीर तोंड करून सांगायचे, "आहे. चांगली आहे." सहा दिवस गेले तरी ती शाबूत होती.

आता राहिला रिपोर्ट. काच टिकली हे लिहिणं सोपं. पण आधीच्या तीन का तुटल्या हे लिहायचं तर प्लास्टर का सुटलं ते लिहावं लागणार, आणि प्लास्टरच्या कागदावर सही माझी. नोकरी पक्की व्हायची होती. घरी बहिणीचं लग्न ठरत होतं. खोटं कशाला बोलू, एक दिवस मी असंही लिहून पाहिलं, की वैद्यबुवांच्या पाण्याच्या रांजणांमुळे भिंतीत ओल आली. वाचायला ते फार झकास वाटत होतं. मग दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी मला ताक दिलं आणि म्हणाले, "चार दिवसांत किती वाळलास रे. खातोस की नाही?" मी ताक प्यालो, खोलीवर आलो आणि तो कागद फाडला. माझी मलाच लाज वाटली.

आठव्या दिवशी साहेब घर ताब्यात घ्यायला जीपनं आले. मी भिंतीपाशी उभा होतो. मागे धोंडबा आणि ओट्यावर वैद्यबुवा.

"साहेब, भिंत हलत नाही. प्लास्टर हलतंय."

"प्लास्टर कोणी केलं?"

"मी."

"और मंजूर किसने..." साहेब मध्येच थांबले. मंजूर त्यांनीच केलं होतं. एवढंच नाही, तर हेच मॉडेल म्हणून संस्थानी काळातल्या आणखी चार घरांना तसंच प्लास्टर करायचा हुकूमही काढला होता.

धोंडबा पुढे झाला. "साब, डोळे मिटा अन् वाजवा."

"क्या?"

"वाजवा ना साब. दरबारसुद्धा वाजवायचे."

हे धडधडीत खोटं होतं. दरबारनं, म्हणजे महाराजांनी, जन्मात भिंत वाजवली नव्हती. पण साहेबांनी हॅट काढली, डोळे मिटले आणि वाजवली. ढब. मग धोंडबानं त्यांचा हात धरून उघड्या विटेवर नेला. टक. साहेब पुन्हा प्लास्टरवर आले, पुन्हा विटेवर गेले. पाच मिनिटं डिव्हिजनचे साहेब भर उन्हात भिंत वाजवत होते. समोर जीपचा ड्रायव्हर तोंडात रुमाल कोंबून उभा होता.

"हं," साहेब डोळे उघडून म्हणाले. "पाडण्याचा हुकूम रद्द. चार घरांचं काम बंद. हे सगळं प्लास्टर काढून चुन्याचं करा. चुना मुरायला किती दिवस?"

"चांगला मुरायला साल लागतं साब," धोंडबा म्हणाला. माझा जीवच गेला, पावसाळा महिन्यावर आला होता. "पण माझ्याकडे आहे. संस्थानाचं शेवटचं काम अर्ध्यावर राहिलं, त्यातला. हौदात ठेवलाय, पाण्याखाली. रोज पाणी घालतो."

"इतकी वर्षं? कशासाठी?"

धोंडबानं खांदे उडवले. "काम येईल म्हणून."

मी त्याच्या अंगणात पहिल्या दिवशी पाहिलेली बादली मला आठवली. साहेब हॅट घालून मला म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलं, याचा मला आनंद आहे. काम संपलं की तुमची बदली बागलीला. रस्त्यावर खडी टाकायला. तिथे वाजवायला काही नाही."

गवंड्यांत आणखी एक रीत होती. ज्याचं काम बिघडलं त्यानंच ते काढायचं, मजूर लावायचा नाही. तेव्हा ते सगळं प्लास्टर मी स्वतः छिन्नीनं काढलं. तळव्यांना फोड आले. वैद्यबुवा मलम लावायचे आणि वर विचारायचे, "काय ओव्हरसियर, सिमेंट पक्कं असतं ना?" मग धोंडबानं त्या लोण्यासारख्या चुन्यात वाळू आणि विटेची भुकटी घातली, वैद्यबुवांनी बेलफळाचा गर दिला आणि भिंतीला पुन्हा तिचा गिलावा चढला. पहिल्या पावसाच्या आत काम झालं. जोत्याजवळचा वीतभर तुकडा मात्र धोंडबानं मला काढू दिला नाही. "साक्षीला राहू द्या," म्हणाला. मी पुष्कळ विनवलं. ऐकेल तर शपथ.

सहा वर्षांनी कामानिमित्त धारला गेलो तेव्हा मुद्दाम भाड्याची सायकल काढून त्या घरी गेलो. भिंत कोरडी, खणखणीत. वैद्यबुवा कुणा रोग्याला पाहायला गेले होते. दारात त्यांची नवी सून आली. मी भिंतीकडे टक लावून पाहतोय म्हटल्यावर तिनं आपणहून वीतभर करडा तुकडा दाखवला.

"हे ना? एका ओव्हरसियरचं काम आहे. मामंजी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. म्हणतात, रोगी न तपासता औषध दिलं की असं होतं. तुम्ही ओळखता का त्यांना?"

मी वाकून पेरं टेकवली. ढब. अजून तस्साच.

"ओळखतो," मी म्हणालो.

"आता तरी सुधारले का?"

"आधी वाजवून बघतात," मी म्हणालो, आणि वैद्यबुवा यायच्या आत सायकलवर बसलो.